थकबाकीदार पूर्वज

कोल्हापुरात घराण्याचा इतिहास विचारावा लागत नाही, तो न विचारता मिळतो. आडनाव, गाव आणि पाव्हणे या तीन पायऱ्या चढल्या की दोन अनोळखी माणसांची ओळख पुरी होते, आणि चहा येईपर्यंत एकाचे तरी पूर्वज पन्हाळ्यावर पोचलेले असतात. या तोंडी इतिहासात काही गोष्टी ठरलेल्या. पूर्वज महाराजांच्या पदरी होते. कुठल्या महाराजांच्या, हे विचारायचं नसतं. जमीन शंभर एकर होती. त्यातली पन्नास भाऊबंदांनी खाल्ली, तीस कूळकायद्यात गेली आणि उरलेली पणजोबांनी दिलदारपणात घालवली. पूर्वजांत कुणी आळशी नाही, कुणी कर्जबाजारी नाही, बेताच्या वकुबाचा तर औषधालाही नाही. एवढी कर्तबगार माणसं एकाच जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या जन्मत होती, तर मग शेतसारा कोण थकवत होतं, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचं उत्तर तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे, आणि ते घरच्यांना सहसा आवडत नाही.

सरकारनं आपल्या वाडवडिलांची नावं लिहून ठेवली ती त्यांच्याकडून काहीतरी वसूल करायचं होतं म्हणून. सारा, तगाईचा हप्ता, दंड, नाहीतर निदान कोर्ट फी. त्यामुळे दप्तरात पूर्वज भेटतो तो देणेकरी, भांडणारा, मेलेला किंवा पकडलेला अशा चारच अवस्थांत. जो वेळेवर सारा भरायचा, शेजाऱ्याच्या बांधाला हात लावायचा नाही आणि कुणाच्या अध्यात-मध्यात नव्हता, त्याच्याबद्दल दप्तराला एक ओळ पुरते. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे: वसुलीसाठी लिहिलं म्हणूनच दप्तर विश्वासाचं आहे. आजोबांचा मोठेपणा सांगण्यात तलाठ्याचा काडीचा फायदा नव्हता. जगभर हीच रीत आहे. इंग्लंडात १०८६ साली विल्यम राजानं माणसं पाठवून जमिनी, नांगर, पाणचक्क्या आणि काही भागांत डुकरंसुद्धा मोजून घेतली, ती महसुलाचा अंदाज यावा म्हणून. आज तिथले लोक त्याच वहीत आपल्या घराण्याचं मूळ शोधतात. डुकरांच्या शेजारी का असेना, नाव आलं म्हणजे झालं.

पूर्वज सातबाऱ्यावर सापडतात अशी समजूत आहे, पण सातबारा बोलतो तो आजच्या मालकाबद्दल. पूर्वज राहतात फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये. सातबाऱ्यावर नावाजवळ जे बारीक आकडे असतात आणि ज्यांच्याकडे बँकेशिवाय कुणी ढुंकून बघत नाही, ते या वहीकडे जायचे रस्ते. सगळ्यात जुना आकडा धरून मागं मागं गेलं की मजकूर लागतो: रामा बिन बापू मयत, वारस मुलगा बापू बिन रामा, वर्दीवरून नोंद केली. संपलं. माणूस सत्तर वर्षं जगला, विहीर काढली, दोन लेकी उजवल्या, जोतिबाच्या यात्रेला दरसाल सासनकाठी नाचवली. त्यातलं तलाठ्याला फक्त मरण कामाचं वाटलं. त्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवायची आपली चाल म्हणजे पूर्वजशोधकाविरुद्ध रचलेला कटच. रामाचा बापू, बापूचा रामा, रामाचा परत बापू. गावात पाटलांची वीस घरं आणि निम्म्या घरांत हीच जोडी असली की चौथ्या पिढीला शोधक स्वतःच आपला आजोबा आहे की काय, अशी शंका यायला लागते. शिवाय आद्याक्षरांचा जाच. ‘अ.पा.क. आई’ हे वाचून कुणी ते आजाराचं नाव समजेल. त्याचा अर्थ अज्ञान पालनकर्ता, पोरगं लहान होतं म्हणून आई जमिनीचं बघत होती. ‘ए.कु.मॅ.’ ही विलायती पदवी वाटते. खापरपणजोबा एकत्र कुटुंबाचे मॅनेजर होते एवढाच तिचा अर्थ. पण चार भाऊ, चार जावा आणि एक विहीर सांभाळणं लक्षात घेता ती पदवी विलायतेतल्यापेक्षा अवघड म्हणायला हरकत नाही.

आणि हे मरणसुद्धा वेळेवर लिहिलं जात असे अशातला भाग नाही. वारसाची नोंद करायची म्हणजे वाटणीचा विषय निघणार, वाटणीचा विषय निघाला म्हणजे धाकट्याची बायको बोलणार. त्यापेक्षा म्हातारा कागदावर जिवंत असलेलाच बरा, असा हिशेब घरोघर होतो. परिणामी महाराष्ट्राच्या सातबाऱ्यांवर मयत खातेदारांची एवढी दाटी झाली की २०२५ साली सरकारला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढून त्यांची नावं कमी करून वारसांची लावायला लागली. असे कितीतरी पूर्वज मेल्यावरही वर्षानुवर्षं पीककर्जाच्या यादीत आणि अतिवृष्टीच्या पंचनाम्यात हजर राहिले असणार. कर्तबगारी म्हणतात ती हीच.

मजकूर वाढतो तो भांडण झाल्यावर. विहिरीच्या पाळीवरून, वहिवाटीच्या वाटेवरून, बांधावरच्या एका आंब्यावरून तंटा लागला की दप्तराची लेखणी एकदम मोकळी होते. जबाब येतात, पंच येतात, थोरल्याला दोन बायका होत्या हे येतं, धाकटा मुंबईला गिरणीत गेला आणि पैसे पाठवीना हे येतं, बैल कुणी विकले हेही येतं. सलोख्यानं राहिलेल्या घराची शंभर वर्षं चार फेरफारांत बसतात. भांडलेल्या घराची कादंबरी होते. म्हणून आपल्या घराण्यात एखादा कज्जेदलाल निघाला तर नाक मुरडण्याऐवजी त्याचे आभार मानावेत. बाकीच्यांची नावं आज आपल्याला ठाऊक आहेत ती त्यानं सगळ्यांना प्रतिवादी केलं म्हणून.

कूळकायद्याचं प्रकरण याचा उत्तम नमुना आहे. १९४८ चा कायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आणि कलम ३२ग खाली ठरलेल्या किमती हा फेरफाराच्या वह्यांमधला सगळ्यात दाट भाग. एका घरात सांगतात, आमची जमीन कायद्यानं गेली. दुसऱ्या घरात सांगतात, आमच्या आज्यानं घाम गाळून जमीन मिळवली. गट नंबर एकच, फेरफार एकच, तारीख तीच. एकाचा अन्याय आणि दुसऱ्याचा पराक्रम तलाठ्यानं एकाच वाक्यात, विरामचिन्हं न वापरता लिहून टाकलेला असतो. दोन्ही घरांची पोरं आज एकाच तालमीत एकमेकांना चितपट करत असतील, पण हा कागद दोघांपैकी कुणीच वाचलेला नसतो.

गेल्या काही वर्षांत मात्र वाचायची वेळ आली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. काम मराठवाड्यापुरतं होतं ते पुढं राज्यभर पसरलं, आणि इतर जिल्ह्यांबरोबर कोल्हापूरच्या कचेऱ्यांतलेही लाल रुमाल सुटले. (रुमाल म्हणजे दप्तर बांधायचं फडकं, खिशातला नव्हे, जरी धुळीनं शिंका आल्यावर तोही लागतो.) आरक्षणाचा वाद इथं करायचा नाही, त्याला जागा आणि माणसं पुष्कळ आहेत. मला मोह आहे तो शोधायच्या कागदांच्या यादीचा. खासरापत्रक, पाहणीपत्रक, कूळ नोंदवही, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर हे ठीक. पण त्याच यादीत कारागृहातली कच्च्या कैद्यांची नोंदवही आहे, सिद्धदोष कैद्यांची आहे, पोलिसांची गुन्हे रजिस्टरं आहेत आणि उत्पादन शुल्क खात्याची ताडी नोंदवहीदेखील आहे. म्हणजे ज्या पूर्वजाचं नाव घरात कुणी तोंडात घेत नव्हतं, ज्याचा फोटो माळ्यावर उलटा ठेवला होता, तोच आता सगळ्या भावकीचा आधार. शहाण्या आजोबांचा कागद नाही; ताडीच्या धंद्यात नाव लागलेल्या चुलत आजोबांचा आहे, आणि त्यावर जात स्वच्छ अक्षरात लिहिलेली आहे. घरी तलवार सांगितली जाते, दप्तरात नांगर निघतो, आणि नांगर निघाला म्हणून पेढे वाटले जातात. बांधावरून वर्षानुवर्षं न बोलणारे चुलते या निमित्तानं एकमेकांच्या दारात आले, कारण जात पडताळणीला वंशावळ लागते आणि रक्तनात्यातल्या कुणाचं तरी वैधता प्रमाणपत्र असलं तर काम सोपं होतं. गावच्या तंटामुक्ती समितीला जमलं नाही ते एका झेरॉक्सनं केलं.

यात तारखांचंही एक शास्त्र आहे. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या दिवसांच्या आधीचा पुरावा मागतात. त्यामुळे महाराष्ट्रात पूर्वजाची योग्यता त्याच्या गुणांवरून ठरत नाही, तो कुठल्या तारखेच्या आत शाळेत गेला यावर ठरते. १९६६ साली दोन महिने पहिलीत बसून पळून गेलेला आजोबा हा मॅट्रिक झालेल्या पण कागद हरवलेल्या आजोबापेक्षा कितीतरी पटींनी विद्वान.

स्वातंत्र्यसैनिकांच्या बाबतीत दप्तराचा हा स्वभाव जास्तच उघडा पडतो. १९७२ साली केंद्राची निवृत्तिवेतन योजना आली तेव्हा तुरुंगवासाचा दाखला हा मुख्य पुरावा ठरला. शेजारच्या साताऱ्यात प्रतिसरकार चालवणाऱ्या भूमिगतांचं सगळं कसबच न सापडण्यात होतं. जो पकडला गेला त्याची नोंद तुरुंगात; जो शेवटपर्यंत इंग्रजांना गुंगारा देत राहिला त्याला मात्र मी भूमिगत होतो हे शाबीत करायला, ज्यानं तुरुंग भोगला होता अशा सहकाऱ्याचा दाखला आणायला लागला. चांगलं काम करण्यात हा एक धोका असतो. याची दुसरी बाजू कडू आहे. ज्या जमातींवर १८७१ च्या कायद्यानं गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्या माणसांच्या हजेऱ्या सरकारनं ज्या काळजीनं मांडल्या तेवढी काळजी इनामदारांच्या नावांचीही घेतली नाही. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात ही हजेरी १९१८ साली बंद केली. ज्याच्यावर संशय जास्त, त्याच्यावर शाई जास्त, हे सूत्र अशा ठिकाणी हसण्यावारी नेता येत नाही.

आता आक्षेप. पहिला असा की दप्तर चुकांनी भरलेलं असतं, त्यावर विसंबायचं कसं. चुका आहेत, आणि त्या थोरवीच्या आहेत. एक जून घ्या. शाळेत घालताना पोराची जन्मतारीख बापाला ठाऊक नसायची, गुरुजींना रकाना रिकामा ठेवता यायचा नाही, म्हणून शाळा उघडण्याच्या हिशेबानं एक जून पडायची. महाराष्ट्राची एक अख्खी पिढी त्या एका दिवशी जन्मली, आणि सरकारी कचेऱ्यांत मे अखेरीला निरोप समारंभांचे हार कमी पडायचे ते त्यामुळे. मोडीत लिहिलेल्या नोंदींचं तर विचारूच नका. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही, आणि लिहिणारा घाईत. एकच ओळ दोन मोडीवाचकांना दिली तर दोन घराणी तयार होतात. तरीही माझं मत बदलत नाही. दप्तराची चूक ही कंटाळ्याची चूक असते, तिच्यात हेतू नसतो. घरच्या गोष्टीतली चूक मात्र पिढी दर पिढी एकाच दिशेला सरकते: एकर वाढत जातात, कर्ज कमी होत जातं. आंधळेपणानं चुकणाऱ्या वहीला दुसऱ्या वहीनं पकडता येतं. जन्म-मृत्यूची नोंद कोतवाल बुकात एक, शाळेत दुसरी, फेरफारात तिसरी. तिन्ही एकमेकांशी भांडत असल्या की खरं कुठंतरी त्यांच्या मधे असतं. आजीची गोष्ट पकडायला दुसरी आजी लागते, आणि ती पहिलीची जाऊ असल्यामुळे तिचाही हेतू शुद्ध नसतो.

याला जोडून शाहू महाराजांच्या १९१७ च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा दाखला देण्यासारखा आहे. मोफत शाळा, आणि पोरगं न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. ‘आमच्या घराण्याला शिक्षणाची पहिल्यापासून आवड’ असं लग्नाच्या बैठकीत सांगणाऱ्यांनी शाळेच्या रजिस्टरात आपला पणजोबा बघावाच. पण त्याच्याशेजारी दंडाची वही सापडली तर तीही बघावी. ही आवड त्या रुपयानं लावलेली असण्याची शक्यता बरीच आहे, आणि लावणाऱ्याची दूरदृष्टी त्यानं तसूभरही कमी होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दप्तरात ज्याच्याकडे जमीन त्याचंच नाव, मग भूमिहीनांचं काय आणि बायकांचं काय. इथं मला माघार घ्यावी लागते, पण पूर्ण नाही. १९१८ पर्यंत कोल्हापूर संस्थानात गावचं दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असायचं. महाराजांनी ती वंशपरंपरा मोडून पगारी तलाठी नेमले. दप्तर कुणाच्या माळ्यावर आहे यावर त्यात कुणाचं नाव कसं येतं हे थोडंफार अवलंबून असणारच. बायकांची गोष्ट तर थेट आहे. ती कागदावर ‘कोम रामा’ म्हणून येते, म्हणजे रामाची बायको. माहेरचं नाव पुसलेलं, सासरचं कधीकधी लिहिलेलंच नाही. बहिणीचं पूर्ण नाव, वय, गाव आणि अंगठा हे सगळं नीटनेटकं एकत्र सापडतं ते बहुधा हक्कसोडपत्रावर. भावाकडून साडीचोळी घेऊन जमिनीतला हिस्सा सोडताना तिची सरकारला पहिल्यांदा गरज लागते, आणि तेव्हा तिची ओळख पटवायला दोन साक्षीदार उभे करतात. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी घालायचं ठरलंय, तेव्हा पुढच्या शोधकांची सोय झाली. मागच्यांनी हक्कसोडपत्रं चाळावीत. घरातली गोष्ट तिथंही गप्पच असते. ‘आत्यानं प्रेमानं सोडलं’ एवढंच ऐकू येतं.

तिसरा आक्षेप अभिमानी माणसांचा. आमच्याकडे हेळवी येतो, सरकारी कागद हवा कशाला? हेळव्याची बरोबरी तलाठी करू शकत नाही हे कबूल. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव भागात बैलावर बसून, घंटा वाजवत येणारा हा माणूस आपल्या वहीतून घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतो. त्याच्याकडे मूळ गाव, स्थलांतर, कुठल्या भावाची शाखा कुठं गेली हे सगळं असतं. पण त्याचं मानधन यजमानाच्या कणगीतून येतं. दाराशी उभं राहून पायलीभर जोंधळ्याची वाट बघणारा माणूस ‘तुमचा खापरपणजा तगाई बुडवून पळाला’ असं कसं म्हणेल? कुलवृत्तांताच्या जाड पुस्तकांचंही तसंच. त्यांत प्रत्येक व्यक्ती मनमिळाऊ, धार्मिक आणि परोपकारी असते, कारण त्यांची मुलं वर्गणीदार असतात. हेळव्याची वही जरूर ऐकावी, आणि तिच्यातली गावं घेऊन कचेरीत जावं. निम्मं काम त्या गावांमुळेच होतं, कारण या भागाच्या सरहद्दी पूर्वजांपेक्षा जास्त फिरलेल्या आहेत. रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं, ते आता कर्नाटकात; चंदगड बेळगाव जिल्ह्यात होतं, ते १९५६ साली कोल्हापुरात आलं. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी या जहागिरींचे कारभार वेगळे, कागद वेगळे. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा त्याआधीच्या कागदासाठी तहसीलऐवजी पुराभिलेखागाराची पायरी चढावी लागण्याची शक्यता धरावी. माणूस जन्मभर एका घरात राहिला तरी त्याचे कागद तीन कचेऱ्यांत आणि दोन भाषांत असू शकतात.

राहता राहिला व्यवहारी आक्षेप, की हे सगळं करून मिळतं काय. दाखला हवा असेल तर दाखला मिळतो. नोंदच नसली तर ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं शिक्क्यानिशी मिळतं, आणि आपल्याला काहीएक ठाऊक नाही हे इतक्या अधिकृतपणे लिहून देणारी संस्था दुसरी नाही. ज्याला दाखला नको, नुसतं कुतूहल आहे, त्याची अडचण वेगळी. जुने फेरफार आता स्कॅन होऊन पैसे भरून घरबसल्याही मिळतात, पण गावात बातमी लपत नाही. अमक्यानं १९३० सालापासूनच्या नकला काढल्या एवढं चावडीत कळलं की भाऊबंद त्याला वंशवृक्षाचा छंद जडला असं समजत नाहीत. वाटणीचा दावा येणार असं समजतात. मग तेही नकला काढतात, वकील गाठतात, जुनी मोजणी उकरतात आणि आधीच हरकत नोंदवून मोकळे होतात. तलाठी दोन्ही बाजूंना नोटीस काढतो, जबाब घेतो, आणि त्या घराण्याबद्दल इतका सविस्तर मजकूर वहीत येतो जितका मागच्या चार पिढ्यांत मिळून आलेला नव्हता.